छत्रीखालची बाटली

दामूकाका रेल्वेच्या डब्यात छत्री उघडून बसतात. पाऊस नसताना. काडी शेजाऱ्याच्या कानात जाते, शिव्या पडतात. काका म्हणतात, "ऊन म्हणजे चोर, भाऊ. चोराला दार उघडून देऊ?"

घोलवडचे हे चिकूवाले. नखाने साल जरा खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. यात ते चुकत नाहीत. पण डहाणूच्या डॉक्टरीणबाईंची बाटली मुंबईला न्यायची असली, की करंड्या तशाच ठेवून निघतात.

त्या दिवशी बाटली माझ्या बायकोची होती. तिचं रक्त निगेटिव्ह, माझं पॉझिटिव्ह. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, पण हे प्रकरण मला दोनदा समजून घ्यावं लागलं. आईचं रक्त पोटातल्या बाळाचं रक्त फोडतं, मग बाळाभोवतीचं पाणी पिवळं होतं. जितकं पिवळं, तितकं बाळाचं रक्त कमी. सुईने काढलेलं ते पाणी मुंबईतच तपासत. आमचं दुसरं मूल असंच गेलं होतं. हे तिसरं.

बाटलीवर काळं फडकं, त्यावर पेंढा, त्यावर छत्री. मी उठत होतो, बसत होतो.

"बसा हो ग्रॅज्युएट! तुम्ही उभे राहिलात म्हणून गाडी पळणार आहे का?"

"काका, एकदा बघू द्या. फार पिवळं आहे का?"

"हात खाली!"

पालघर गेलं आणि मला राहवेना. मी फडक्याला हात घातला. काकांनी फाडकन हातावर मारली. मग पेंढा पुन्हा नीट सारला.

"माझ्या लेकीची, शकूची बाटली मीच नेली होती. उजेडाचं कुणी सांगितलं नव्हतं. चिकू बघावा तशी खिडकीशी धरून बघत गेलो. डहाणूला पिवळी होती. विरारपर्यंत निवळली. वाटलं, पोर सुधारतंय. डब्यात शेंगदाणे वाटले मी."

"मग?"

"रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर थांबले, पोर पोटातच गेलं. उन्हानं रंग खाल्ला होता, आजार नाही."

पुढे मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

आमचा रिपोर्ट वाईट आला, पण खरा आला. बायकोला मुंबईला हलवलं. मुलगी महिनाभर आधी काढली, तिचं रक्त बदललं. घरी आणली तेव्हा थोडी पिवळी होतीच. सकाळचं कोवळं ऊन द्या, डॉक्टर म्हणाले होते.

नरपडला आमच्या घराच्या अंगणात तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. काका चिकू घेऊन आले. उन्हातलं पोर दिसताच धावले आणि तिच्यावर छत्री उघडली.

"काका, हिला ऊन हवंय."

काकांनी छत्री हळूहळू मिटली, वर बघितलं.

"खा रे," ते उन्हाला म्हणाले, "आता खा हवं तेवढं पिवळं."