बोरकर सरांचा पसारा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं भलत्याच कपाटात कोण ठेवतं, हे बरेच दिवस कोणाला कळलं नव्हतं. ग्रंथपाल मॅडमचा संशय आधी मुलांवर होता, मग उंदरांवर गेला. त्यांनी ‘पुस्तके जागच्या जागी ठेवावीत’ अशी पाटीही लावली. त्या पाटीखाली उभं राहून वनस्पतिशास्त्राचे बोरकर सर सर्वांत जास्त मान डोलवायचे.

एका दुपारी मी कवितांच्या कपाटाशी गेलो, तर हेच बोरकर सर लोणच्यांचं एक पुस्तक अर्थशास्त्रात खुपसत होते. मला बघून ते दचकले वगैरे काही नाहीत. उलट म्हणाले, “वरच्या फळीवरचे चार-पाच काढ न बापा. माहा हात पुरत नाही.”

मी मराठी शिकवतो. सर माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीला टेकलेले. त्यामुळे मी निमूटपणे पुस्तकं काढून दिली आणि मग कारण विचारलं.

कारण होतं ‘कमवा आणि शिका’. या योजनेत खेड्यांतून आलेली मुलं रोज काही तास कॉलेजचं काम करतात आणि तासाप्रमाणे त्यांना मेहनताना मिळतो. सरकारी शिष्यवृत्ती असतेच, पण ती लाडक्या जावयासारखी: येणार हे नक्की, कधी ते विचारायचं नाही. तोवर मेसचा डबा आणि एसटीचा पास याच मेहनतान्यावर चालतो. योजनेचे प्रमुख बोरकर सर. सगळं सुरळीत होतं, पण नवीन प्राचार्यांनी साफसफाईचं काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं आणि सरांना सांगितलं, काम नसेल तर तासही नाहीत.

“काम नाही म्हंते,” सर मला म्हणाले. “अरे, काम का झाडाले लागते? करा लागते तयार.”

आणि ते तयार करत. सोमवारी सगळ्या कुंड्या पूर्वेच्या व्हरांड्यात, कारण झाडांना ऊन कमी पडतं. गुरुवारी त्याच पश्चिमेला, कारण ऊन फार झालं. वनस्पतिशास्त्राचा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? घरची पितळेची घंगाळं आणून त्यांनी प्रयोगशाळेत शिंगाड्याचे वेल लावले. वेल मेले, घंगाळं काळी पडली, मुलांना घासायचं काम मिळालं. भंडारा म्हणजे पितळेचं गाव, इथं पितळ घासायला माणूस लागतोच, असं सर वर म्हणायचे.

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की ते कोणाच्याही वर्गात घुसत. मी विरहाच्या कवितेत रंगलेलो असताना दार उघडायचं आणि आवाज यायचा, “उत्पन्नाचा दाखला कोणाचा राहिला?” विरह तिथंच संपायचा. आसगावला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. अक्षता पडल्याबरोबर सर मंचावर चढले. आम्हाला वाटलं, आहेर द्यायला. त्यांनी नवरीच्या कानाशी वाकून सांगितलं, “नाव बदलवू नको आत्ताच. स्कॉलरशिप अटकते.” त्या पोरीनं ऐकलं. शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत ती माहेरच्याच नावानं नांदली. सासरची मंडळी अजून सरांचं नाव काढलं की घुश्शात असतात.

तर अशा सरांना खरा धक्का दिला करडी गावच्या पल्लवीनं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करायची. कमी बोलणारी, पण नजर बारीक. एक दिवस ती कपाटामागं उभी राहिली आणि सरांना पुस्तकांसकट धरलं. मीही तिथंच होतो.

“सर, हे पुस्तकं मी कालच लावले होते,” ती म्हणाली.

“मंग आज पुन्हा लाव. तास भरते न तुहा.”

पल्लवीनं सरांच्या हातातली पुस्तकं काढून घेतली. मग म्हणाली, “माही माय दिवसभर चिखलात रोवणी करते, सर. तिनं रोवलेलं धान दुसऱ्या दिवशी कोणी उपटून नाही ठेवत. खोट्या कामाचे पैसे मले नको.”

ती निघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला आली नाही. मेस बंद केली, म्हणे. वसतिगृह सोडून करडीला परत जाणार, असंही कानावर आलं. सरांनी निरोप पाठवला, ती आली नाही. सरांनी कुंड्या हलवणं सोडलं. माझ्या वर्गाचं दार कोणी उघडेना आणि कविता शेवटापर्यंत शिकवाव्या लागल्या. त्याची मुलांनाही सवय नव्हती.

मग एकदा ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले आणि विचारलं, “खरं काम कसं असते रे?”

मी सहज म्हटलं, “जे आपल्याला स्वतःला करता येत नाही आणि कोणीतरी करायलाच हवं, ते.”

सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “तिले एकदा घेऊन ये. तुह्यं ऐकन ते.”

पल्लवी माझ्यासोबत प्रयोगशाळेत आली. सरांनी आम्हाला बसवलं आणि खिडकीकडं तोंड करून सांगितलं की त्यांना अक्षर दिसत नाही. बरेच महिने झाले. शिकवणं पाठ होतं, म्हणून निभावलं. प्रात्यक्षिकात ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत नसत, ‘काय दिसते ते तूच सांग’ असं मुलांना म्हणत. आम्ही त्याला शिकवण्याची पद्धत समजून वाखाणत होतो. बायको वारल्यावर घरी विचारणारं कोणी नव्हतं, मुलगा पुण्याला, आणि कॉलेजात कळलं तर घरी बसवतील ही भीती.

“मले वाचून दाखवशील?” त्यांनी पल्लवीला विचारलं. “पेपर, पुस्तकं, पोरांच्या वह्या. हे काम खोटं नाही.”

एवढा खालचा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पल्लवीनं टेबलावरची एक वही ओढली आणि वाचायला सुरुवात केली.

प्राचार्यांनी कुरकुरत का होईना, विभागाला साहाय्य म्हणून तिचे तास मंजूर केले. पण पल्लवी नुसती वाचणारी नव्हती. डोळ्याच्या डॉक्टरकडं चला, म्हणून ती सरांच्या मागं लागली. सरांनी परीक्षा, पाहुणे, पंचांग अशी सगळी कारणं दिली. शेवटी तिनं वाचायलाच नकार दिला, तेव्हा ते तयार झाले. मोतीबिंदूच निघाला. ऑपरेशन झालं, मुलगा येऊन गेला, डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे.

सर म्हणाले, “धूसरच आहे अजून.”

त्यामुळे वाचन चालू राहिलं. कॉलेजात तर होतंच, रविवारी सरांच्या घरी पेपरही. मला बिचाऱ्यांची काळजी वाटायची. मग एके दिवशी आम्ही दोघं एसटी स्टँडवर होतो. एक म्हातारी चुकीच्या गाडीकडं निघाली, तर सरांनी लांबूनच बोर्ड वाचून तिला सांगितलं, “ते पवनीची नाही आजी, लाखांदूरची आहे.” आणि मग माझ्याकडं न बघता घाईघाईनं चष्मा पुसायला लागले.

मी पल्लवीला गाठून हे सांगितलं. तिला हसू आलं. तिला कधीच कळलं होतं. वाचताना तिची एक ओळ सुटली, तर सरांनी ती बरोबर सांगितली होती. त्यानंतर तिनं या वाचनाचे तास मेहनतान्यात धरणं बंद केलं होतं. मधल्या काळात शिष्यवृत्तीही जमा झाली होती, आणि ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या नोंदींचं खरोखरीचं काम तिला मिळालं होतं.

“मग रविवारी कशाला जातेस?” मी विचारलं.

“मी वाचते आणि ते आत चहा करते,” ती म्हणाली. “पेपर त्यायनं सकाळीच वाचून ठेवला असते. पण मी मधातच थांबली, का सर सैपाकघरातून बाहेर येऊन पाहते, मी गेली तर नाही न म्हणून.”