आण्णांची भाकणूक

मेल कुठं ठेवायची हे माझ्याइतकं डोकं लावून शिरूर तालुक्यात कुणी ठरवलं नसेल, हे आधीच सांगून टाकते. मेलबॉक्स भरल्याची सूचना रोज यायला लागली, तेव्हा मी चार प्रोग्रॅम ताडून पाहिले आणि ठरवलं, परक्याच्या सर्व्हरवर कशाला? आपल्याच कॉम्प्युटरवर उतरवायची! आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर माझा मुलगा सार्थक दूध ओततो, म्हणून माहेरी पाटसला, वडिलांच्या म्हणजे आण्णांच्या कॉम्प्युटरवर सोय केली. 'उतरवल्यावर सर्व्हरवरून काढून टाकू का?' प्रोग्रॅमनं नम्रपणे विचारलं. मीही नम्रपणे हो म्हटलं. जुनी मेल उतरली, मेलबॉक्स रिकामा झाला, काम संपलं असं समजून मी घरी आले.

मग घरात काहीतरी सुरू झालं.

एका दुपारी फोनवर मेल दिसली. सार्थकचं नाक पुसून वळले, तर नाही. पाल फटीत सरकावी तशी गेली. दुसऱ्या दुपारी दाराला आतून कडी, मूल झोपलेलं, पंखासुद्धा बंद, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक ओळ पुसली गेली.

त्याच संध्याकाळी आण्णांचा फोन आला. "सार्थकच्या अंगात रक्त कमी हाय. गूळ-शेंगदाणे देत जा."

तपासणीचा रिपोर्ट अजून मलाच मिळाला नव्हता! लॅबमध्ये विचारलं, तर खरंच कमी. पुढच्या खेपेला म्हणाले, तू साडी निळी सांगितलीस, पण येणार हिरवी. हिरवी आली. मी ती दोन दिवस कपाटात ठेवलीच नाही, खुर्चीवर ठेवून लांबून बघत राहिले.

माझे आजोबा बिरोबाच्या देवळात भाकणूक सांगायचे. पाऊस कुठं पडेल, मेंढरांना काय होईल, सगळं. सासूबाई म्हणाल्या, आजोबांचं आण्णांत उतरलं, आता त्यांना उलटून बोलू नगंस. आमचे हे, विश्वजीत, रांजणगावची शिफ्ट संपवून आले, पोटभर हसले आणि हळूच म्हणाले, प्रमोशनचं तेवढं विचारून घे.

मला हसू येत नव्हतं. सार्थकच्या शाळाप्रवेशाची मेल यायची होती, ती येत नव्हती. तो शाळेत गेल्याशिवाय मला नोकरीवर परत जाता येणार नव्हतं. फोन हातातून सुटत नव्हता, आणि तोच वाजला.

"गुरुवारी पोराला शाळंत बोलावणं हाय. दोघांनी जावा."

सार्थकला घेऊन आम्ही दोघं गेलो. बाई म्हणाल्या, तुमचं उत्तर मिळालं, बरं झालं. मी उत्तर दिलंच नव्हतं! त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. खाली माझं नाव, वर मजकूर: 'येतो. पोरगं गुणी हाय, फक्त चावतं.'

हे लिहिणारा माणूस जगात एकच. त्याच्या मनगटावर अजून व्रण आहे.

सार्थक चावला नाही, प्रवेश मिळाला. तिथून थेट पाटस गाठलं. आण्णा चष्मा लावून बसलेले. रोज दुपारी ते कांद्याचा भाव बघायला कॉम्प्युटर लावत, आणि लावला की माझा प्रोग्रॅम आपोआप उघडून माझी ताजी मेल ओढून घेई, सर्व्हरवरून पुसून टाकी. इंग्रजी असलं की शेजारची सारिका वाचून दाखवी. म्हणजे आळीला माझं सगळं पाठ!

"आण्णा, माझी मेल वाचता तुम्ही?"

"तुझी कशी? माझ्या घरी येतंय म्हंजी मलाच की. फोनवर दोन मिनिटं बोलतीस, पण रोज टपाल धाडतीस तरी. बरं वाटतं."

'काढून टाकू' पुढची खूण मी काढली, प्रोग्रॅम तसाच ठेवला. आता मेल दोन्हीकडे राहते.

काल परत फोन आला. "अगं, ते चाळीस टक्के सूटवाले रोज लिहित्यात. तू एकदाबी उत्तर देईनास बिचाऱ्यांना. शेवटी म्याच दिलं. रविवारी जेवायला बोलावलंय."