खिडकी क्रमांक दोन

सकाळी साडेनऊला दिग्दर्शकाने 'नागरिक नोंदणी कार्यालय' अशी पाटी दारावर ठोकली आणि दहाच्या आत खिडकीसमोर सात माणसं उभी राहिली. खरी माणसं, हातात खरे अर्ज घेऊन.

कार्यालय मात्र खरं नव्हतं. बंद पडलेलं फर्निचरचं दुकान भाड्याने घेऊन दिग्दर्शकाने त्यात आपल्या पहिल्या सिनेमाचा सेट लावला होता. सरकारच्या चित्रपट साहाय्य मंडळाने सिनेमाला अनुदान मंजूर केलं होतं, पण पुढचा हप्ता सुटायचा तर मंडळाच्या निरीक्षकांनी येऊन 'चित्रीकरण सुरू असल्याचे पाहिले' असं लिहून द्यायला हवं होतं. ते आज अकराला येणार होते. निर्माती म्हणजे दिग्दर्शकाची थोरली बहीण. ती सकाळपासून एक डोळा घड्याळावर आणि एक भावावर ठेवून होती.

"अरे, ही कोण माणसं?"

"ताई, आयती गर्दी! माणसं कुठून आणायची म्हणून तूच डोकं धरून बसली होतीस ना?"

"आणि त्यांना कळलं म्हणजे?"

"शॉट झाला की मीच सांगतो. संमतीच्या सह्या घेऊ, चहा पाजू. आत्ता सांगितलं तर सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत बसतील."

कॅमेरा फायलींच्या कपाटामागे लपवला गेला. खिडकी क्रमांक दोनमध्ये कारकुनाच्या भूमिकेत बसले होते दोघांचे मामा. चौतीस वर्षं अशाच एका कार्यालयात काढून ते निवृत्त झाले होते. "नुसते कागद चाळल्यासारखं करा," असं त्यांना बजावलेलं होतं. पण हातात खरा अर्ज आला आणि मामांना राहवेना.

"आजी, इथे तुमचं नाव एक आणि तिथे दुसरंच! जन्माचा दाखला कुठाय?"

"घरी आहे."

"घरी ठेवून तो काय उजेड पाडणार? झेरॉक्स जोडा. सही इथे नाही, खाली. आणि हे घेऊन मागच्या गल्लीतल्या मोठ्या कार्यालयात जा, एका खेपेत काम होईल."

"इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं हो!" आजी हरखून म्हणाल्या आणि बाहेर जाऊन त्यांनी तेच सगळ्या रस्त्याला सांगितलं. अर्ध्या तासात रांग कोपऱ्यावरून वळली. कपाटामागे दिग्दर्शक आनंदाने कॅमेरामनचा दंड दाबत होता. "चेहरे बघ! एकेक चेहरा बघ!"

अकराच्या ठोक्याला बगलेत बॅग मारलेले एक गृहस्थ घाईघाईने थेट खिडकीशी आले.

"अहो, मी मंडळाकडून आलोय. इथे ते शूटिंग..."

"इथे सगळे कुठून ना कुठून आलेलेच असतात," मामा मान वर न करता म्हणाले. "रांगेत या."

"पण मला फक्त विचारायचंय!"

"त्यांनाही फक्त विचारायचंय," रांगेतून चार आवाज एकदम आले.

गृहस्थ रांगेच्या शेवटाला गेले. दोनदा मधे घुसायला बघितलं, दोन्ही वेळा एका धिप्पाड बाईंनी त्यांना बॅगेसकट मागे सारलं. रुमाल भिजला, टाय सैल झाला. "हा माणूस सोनं आहे!" दिग्दर्शक कुजबुजला. "क्लोजअप घे. आणखी एक घे!" ताई दारात उभी राहून निरीक्षकांची गाडी कुठे दिसते का बघत होती. ते बसने आले होते.

दीड वाजता गृहस्थ एकदाचे खिडकीशी पोचले. त्यांनी तोंड उघडलं आणि मामांनी 'जेवणाची सुट्टी' ही पाटी उभी केली.

"अडीच तास!" गृहस्थ इतक्या जोरात ओरडले की कपाटावरच्या फायली खाली आल्या. "चित्रपट साहाय्य मंडळाचा निरीक्षक आहे मी! 'या पत्त्यावर चित्रीकरण आढळले नाही', हेच लिहून देतो आता!"

"कट!" दिग्दर्शक कपाटामागून बाहेर पडला आणि तिथेच थिजला. ताईने कपाळाला हात लावला. रांगेतल्या लोकांना आधी काही उमगेना. मग एकच हशा पिकला आणि सगळे कॅमेरा बघायला धावले.

निरीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मघापासून मला टिपत होतात?"

"चुकलं, साहेब. तुमचं सगळं पुसून टाकतो."

"आधी दाखवा."

छोट्या पडद्यावर त्यांनी स्वतःला घाम पुसताना, ढकललं जाताना आणि शेवटी गरजताना पाहिलं. एकदा पाहिलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. वीस वर्षं ते दुसऱ्यांचे सिनेमे तपासत होते.

"पुसायचं नाही," ते म्हणाले. "पण नियमाप्रमाणे मी सिनेमात असलो तर मला अहवाल देता येत नाही."

"मग हो?" ताईचा आवाज चिरकला.

निरीक्षकांनी बॅगेतून कोरा कागद काढला आणि 'निरीक्षक बदलून मिळावा' असं वळणदार अक्षरात लिहून खाली सही ठोकली. "आता मंगळवारी आमचे मोठे साहेब स्वतः येतील."

"बाप रे! स्वभावाने कसे आहेत?" दिग्दर्शकाने विचारलं.

निरीक्षकांनी सेटवरून एक नजर फिरवली.

"चेहरा उत्तम आहे. पण रांगेत नका लावू, गुडघे दुखतात त्यांचे. खिडकी क्रमांक तीन रिकामीच आहे ना? तिथे बसवा."