कुर्लीची मूठ

अनंत मेस्त्रींना नमस्कार करायचा तर लांबून करावा. जवळ गेलात की ते तुमचा उजवा हात धरतात, उताणा करतात, पालथा करतात, अंगठा मागे वाकवून बघतात आणि निकाल देतात. माझा निकाल बारा वर्षांपूर्वी लागला. आम्ही रत्नागिरीत त्यांच्या शेजारी राहायला आलो तो दिवस. टेम्पोतून कपाट उतरत होतं, बायको हमालांवर ओरडत होती, आणि हा सहा फुटी अनोळखी माणूस माझा हात धरून तिला सांगत होता, "वयनी, ह्यांचा आंगठा आळशी हाय. ह्यांच्या हातात कोयती देऊ नका."

बायकोने आजतागायत माझ्या हातात कोयती दिलेली नाही. 'आळशी आंगठा' मात्र आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी वापरला जातो.

मेस्त्री जातीचे सुतार, पण दारं-खिडक्या त्यांनी केव्हाच सोडल्या. ते फक्त मुठी करतात. कोयतीची, विळीची, करवतीची, झालंच तर छत्रीची. बंदरावरचे लोक मासे कापायच्या सुऱ्या घेऊन येतात, बागायतदार झाडं छाटायच्या कोयत्या घेऊन येतात. "मूठ हाताला इचारून करायची," हे त्यांचं ब्रीद. आणि विचारायची रीत अशी, की तांदळाच्या उकडीचा गोळा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि काम करताना धरतोस तसा दाब म्हणायचं. मग त्या गोळ्यावर उमटलेल्या बोटांबरहुकूम लाकूड कोरायचं. मातीला भेगा पडतात, कणीक आळसावते, मेण चिकटतं, पण उकड सांगितलं ऐकते, असं त्यांचं म्हणणं.

उकड ऐकते हे खरं. घरातली माणसं ऐकतात असं नाही. एका चतुर्थीला त्यांच्या बायकोने मोदकांसाठी काढलेल्या उकडीतून मेस्त्रींनी मधल्या मध्ये एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं, गोळा परातीत राहिला आणि घाईघाईत वाफवलाही गेला. आम्ही प्रसादाला गेलो तेव्हा माझ्या पानात जो मोदक आला त्याला कळ्यांच्या जागी चार बोटं आणि एक अंगठा होता. मी बोटांच्या बाजूने खाल्ला.

जगातली सगळी दुःखं वाईट मुठीपायी आहेत असं या माणसाचं ठाम मत. मिक्सरचं झाकण, बादलीची कडी, कचेरीत दोरीला बांधलेलं पेन, एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटत नाही. एकदा उभ्याने दापोलीला जाताना बसमधल्या वरच्या दांड्यावरून त्यांनी कंडक्टरशी असा वाद घातला, की कंडक्टरने स्वतःची जागा त्यांना देऊन टाकली. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी मला दाढीच्या ब्रशला नवी मूठ करून दिली. ती इतकी हातात बसते की ब्रश खाली ठेवायचं लक्षात राहत नाही. एकदा तो घेऊन मी कचेरीत गेलो होतो.

आता सुलोचनाकाकींविषयी. त्या मेस्त्रींच्या बायको. काजूच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी बिया सोलल्या. मुलगा एकच, संदेश, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. फोनवर तो अगदी मोजकं बोलतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो. बापाशी त्याहून कमी. संदेशने रंधा हातात धरायला नकार दिला त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकांत 'बरा हायस?' 'हो, आईला द्या,' एवढंच होतं. दोघेही हट्टी, आणि कोण कोणावर गेलंय ते सांगायला नको.

दोन दिवाळ्यांपूर्वी संदेशने गेम खेळायचं यंत्र आणलं, टीव्हीला जोडलं, आईला गाड्यांची शर्यत शिकवली आणि पुण्याला गेला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तो तिथे आणि काकी इथे, एकाच रस्त्यावर गाड्या पळवतात. हातात धरायचा तो कंट्रोलर. काकी त्याला 'कुर्ली' म्हणतात, कारण खेकड्यासारखे दोन फुगीर आंगडे, म्हणजे नांग्या, पुढे आलेले असतात. गंमत अशी, की हात गुंतले की संदेशची जीभ सुटते. टीव्हीतून त्याचा आवाज घरभर, आणि इकडचं बोलणं कुर्लीतून त्याला ऐकू जातं. साहेब कसा छळतो, भाड्याच्या खोलीत गळतं कुठे, डब्यातली भाजी कशी पाणचट. त्याला एक मुलगी आवडते हे त्याने तिसऱ्या वळणावर सांगितलं आणि काकींची गाडी सरळ दरीत गेली. मेस्त्री त्या वेळी मागे करवत मांडीवर घेऊन धार लावत बसतात. म्हणजे लावत नाहीत, आवाज होईल म्हणून. नुसते बसतात आणि ऐकतात.

यंदाच्या थंडीत काकींचा डावा अंगठा धरला. कुर्लीवर डाव्या बाजूला सुपारीएवढं बोंड असतं, ते अंगठ्याने ढकललं की गाडी वळते. दीड तासाचा खेळ अर्ध्या तासावर आला, मग दहा मिनिटांवर. शेवटी एका रविवारी काकी म्हणाल्या, आता नाही जमत रे बाबा, तू आपला फोनच कर. पुढच्या रविवारी त्याने फोन केला. दोन मिनिटांत ठेवला. घर गप्प झालं.

त्याच संध्याकाळी मेस्त्री कुर्ली घेऊन आमच्या ओटीवर आले. "भाऊसाहेब, हिची मूठ चुकलीय. ज्यानं केलंन, त्यानं आपलाच हात बघून केलंन." आणि तो हात कसा असणार हेही त्यांनी सांगितलं. पंचविशीतला, पोटभर जेवलेला, जन्मात काजू न सोललेला. मी म्हटलं, कंपनीने पुष्कळ विचार करून केला असेल. मेस्त्रींनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

त्यांनी कुर्लीला लाकूड चढवायला घेतलं. पहिली मूठ फणसाची. ती एवढी जड झाली की काकींना मांडीवर पाटा घेतल्यासारखं वाटलं. दुसरी शिवणीची, हलकी, तेल पाजून गुळगुळीत केलेली. पहिल्याच वळणावर ती काकींच्या हातातून निसटली आणि थेट देवघरात गेली. तिसरी दिसायला फार सुंदर होती. काकी 'छान आहे' म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याला गरम पाण्याची पिशवी धरून बसल्या.

मी विचारलं, काकींची उकड घेतलीत का? मेस्त्री उखडलेच. "अडतीस वर्सं संसार केलाय. बायकोचा हात मला म्हाईत नाय?" मग जरा थांबून त्यांनी असा तोडगा काढला, की हात माहीत आहे, दुखणं माहीत नाही. तेव्हा कारखान्यात काम केलेल्या इतर बायकांचे हात बघून येऊ. स्वतःच्या बायकोला एक प्रश्न विचारायचा सोडून हा माणूस उकडीचा डबा घेऊन आळीभर फिरायला निघाला. डबा धरायला मला घेतलं. डब्याला आळशी अंगठा चालतो.

पहिलं घर शिर्केवहिनींचं. मेस्त्री दारातूनच म्हणाले, "वयनी, जरा तुमची मूठ पायजे." आणि पिठाचा गोळा पुढे केला. वहिनींनी तो दाबला आणि मग विचारलं, कशाला हो? मेस्त्री खरं बोलणारे आणि थोडं बोलणारे. फार वाईट मिश्रण. ते म्हणाले, "पुन्याचा पोरगा बोलायचा बंद झालाय. मूठ नीट बसली की बोलंल."

घाटावरच्या वाचकांना यात काही खटकणार नाही. पण आमच्या कोकणात मूठ म्हटली की दोन अर्थ निघतात, आणि दुसरा अर्थ दिवसाढवळ्याही आवाज खाली करून सांगतात. मूठ मारतात ती करणी. इथून सोडायची, लांबच्या माणसाला लागायची. त्यात पिठाचा गोळा, नाव न घेतलेला मुलगा, आणि पुणं. वहिनींचा चेहरा मीठ घातलेल्या अळवासारखा पडला. माझ्या ते लक्षात आलं, पण माझा स्वभाव असा की मी डब्याचं झाकण लावलं आणि पुढच्या घरी चालू लागलो.

दुपारपर्यंत आळीत सात दारांना लिंबू-मिरची लागली. कोळणीने मेस्त्रींच्या हातात बांगडे द्यायला नकार दिला, लांबून पायरीवर ठेवले. मला कचेरीत शिपायाने बाजूला घेऊन विचारलं, "भाऊसाहेब, तुम्ही पन त्यात हाव?" देवळातल्या गुरवाने तर निरोप धाडला, की नारळ घेऊन या, गाऱ्हाणं घालतो आणि जे सोडलंय ते परत बोलावतो. मी घरोघर जाऊन सांगत सुटलो की ती मूठ नव्हे हो, ही मूठ. आणि हाताची मूठ करून दाखवत होतो, त्यामुळे लोक आणखीच मागे सरकत होते.

काकींना हे कोळणीकडून कळलं. त्या ओटीवर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याला विचारलं, "सात बायकांच्या मुठी घेतल्यात म्हणे?"

"नऊ," मेस्त्री म्हणाले.

काकी आत गेल्या. स्वतः उकड काढली, मळली, गोळा घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर बसून डाव्या हातात धरून दाबला. "सगळ्या आळीच्या झाल्या. आता माझी घ्या."

मेस्त्रींनी गोळा उजेडात धरला. बोटांच्या जागी चार पुसट खुणा आणि अंगठ्याच्या जागी नखाएवढी एक. बाकी गोळा जसाच्या तसा.

"दाब की गो," ते म्हणाले.

"दाबलाय."

या माणसाने मी ओळखतो तेव्हापासून एकही हात निकाल दिल्याशिवाय सोडलेला नाही. त्या दिवशी निकाल आला नाही. तो गोळा तळहातावर घेऊन ते उभे राहिले आणि मागल्या दारच्या मांगरात, आपल्या कामाच्या खोपटात, निघून गेले. मला त्यांचा राग आला होता, अडतीस वर्षांत एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं म्हणून. मग घरी येऊन मी माझ्या बायकोच्या हाताकडे बघितलं आणि राग आवरता घेतला.

दोन दिवस मांगरातून कानस घासल्याचा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी चौथी मूठ आली. तिच्याइतकी कुरूप वस्तू मी पाहिलेली नाही. डावी बाजू उंच, उजवी बसकी, चाकाखाली सापडलेली कुर्लीच. बोंडावर त्यांनी लाकडाची उथळ वाटी बसवली होती, म्हणजे तळव्याने रेललं तरी गाडी वळावी. वेग वाढवायच्या खटक्याला एक पट्टी जोडली होती, ती तीन बोटं मिळून दाबतील अशी. अंगठ्याला कामच ठेवलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको मुद्दाम जाऊन बसलो. काकींनी कुर्ली मांडीवर घेतली, तळवा वाटीत टेकवला आणि गाडी सुटली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. संदेशचा आवाज हळूहळू मोकळा झाला. डबेवाली बदलली, साहेबाची बदली झाली, ती मुलगी रुसली आहे. काकी 'हं, हं' करत वळणं घेत होत्या. मेस्त्री मांडीवर करवत घेऊन मागे.

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. काकी उठल्या आणि जो हात जवळ होता त्यात कुर्ली कोंबून चुलीकडे पळाल्या. हात मेस्त्रींचा होता.

तो पंजा आणि ती मूठ. करंगळीला जागा नव्हती, वाटी मनगटात रुतत होती. गाडी कठड्याला धडकली, गोल फिरली आणि एका खडकात नाक खुपसून उभी राहिली.

"आई, समुद्रात जाशील," संदेश हसला. "बरं ऐक, बाबांना सांगू नको हं. तू त्या मुठीचा फोटो पाठवलास ना, तो मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. माझ्या बाबांनी केलीय म्हटलं. आमच्यातल्या एकाचाही विश्वास बसेना. आई? आहेस ना?"

 मेस्त्रींनी पट्टी दाबली. खडकात अडकलेली गाडी मोठ्याने गुरगुरली, आणि संदेशने ते 'हो' समजून घेतलं आणि पुढे बोलत राहिला. मेस्त्रींची बोटं पांढरी पडली होती.

काकी हात पुसत बाहेर आल्या. दाराशीच थांबल्या, मग हात पुढे करून म्हणाल्या, "द्या इकडं, आखडंल तुमचा हात."

"राहू दे गो," मेस्त्री म्हणाले. "बसतेय हाताला."

टीव्हीतला संदेशचा आवाज एकदम थांबला.  आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. तिथे एक गाडी खडकावर गुरगुरत होती आणि दुसरी, पुढे गेलेली, रस्त्याच्या मधोमध थांबली होती.

"बाबा," संदेश म्हणाला, "आधी मागे घ्या. मग डावीकडे."

मेस्त्रींनी गाडी मागे घेतली.