मानेतली चिठ्ठी

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रेल्वेचे सिग्नल निरीक्षक पंढरीनाथ तायडे यांनी मुलीने बनवलेल्या माणसाची मान उघडली आणि आतल्या तारा सरळ केल्या. क्वार्टरमध्ये तेव्हा दुसरं कोणी उठलेलं नव्हतं.

माणूस प्लायवुडचा होता, नववीतल्या गौतमीच्या उंचीचा. डोक्याच्या जागी थर्माकोलचा मेंदू, त्याच्या डाव्या आणि उजव्या भागांत एकेक लाल दिवा, दोन्ही तळहातांवर दाराच्या घंटीची बटणं. मज्जातंतूंच्या तारा कण्यातून वर जात आणि मानेत एकमेकींना ओलांडून पलीकडच्या मेंदूत शिरत. पंढरीनाथांनी बावीस वर्षं रेल्वेच्या तारा सांभाळल्या होत्या. डाव्या हाताची तार उजवीकडे गेलेली पाहून पोरीचं चुकलं याबद्दल त्यांना शंका उरली नाही. तिला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनी काम गुपचूप उरकलं, नियमाप्रमाणे करायचं ते सगळं केलं, झाकणाचे स्क्रू आवळले आणि ते आंघोळीला गेले.

दहा वाजता राजा पार्क वस्तीतल्या हिंदी माध्यमाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन मांडलं गेलं. पहिल्या नंबराला जिल्ह्याच्या फेरीत जायचं होतं आणि त्यासाठी गौतमी महिनाभर खपली होती. तिने डाव्या तळहाताचं बटण दाबून पाहिलं. दिवा डावीकडचाच लागला.

"बाबा, काल तर बरोबर होतं," ती म्हणाली. "आता उलटं झालं."

"सुलटं झालं."

"मतलब, तुम्ही हात लावला?"

डावा हात उजव्या मेंदूच्या ताब्यात असतो, तारा मानेच्या वरच्या टोकाला ओलांडतातच, हे तिने पुस्तक उघडून दाखवलं. पंढरीनाथांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. ही मांडणी मंजूर कोणी केली, असं विचारणं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई बघत होत्या.

"अहो, बैठकीतला पंखाही असाच सुलटा केला होता तुम्ही," त्या म्हणाल्या. "अजून वारा छतालाच लागतो."

परीक्षक तिसऱ्या टेबलाशी पोचल्या होत्या. स्क्रूड्रायव्हर घरी राहिला होता. मेंदू एकाच खुंटीवर बसवलेला आहे हे पंढरीनाथांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो धरून अर्धा फिरवला. डावं बटण दाबलं, दिवा उजवीकडे लागला. त्यांनी सुलोचनाबाईंकडे पाहिलं. त्या मेंदूकडे पाहत होत्या.

परीक्षक डॉ. प्रतिमा माथुर मेंदूविकाराच्या डॉक्टर. त्यांनी दोन्ही बटणं दाबली, समाधानाने मान हलवली आणि मग त्या चष्मा सारखा करून वाकल्या. मागे मानेपाशी असायचा तो लहान मेंदू कपाळावर आला होता.

"बेटा, इसका छोटा दिमाग माथे पर क्यों है?"

गौतमीने वडिलांकडे पाहिलंही नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. तिने कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढून स्क्रू फिरवायला घेतले. झाकण निघालं तशी आतून चार घड्यांची चिठ्ठी पडली. डॉक्टरांनी ती उचलून मोठ्याने वाचली. शुद्ध सरकारी हिंदीत लिहिलं होतं की, ०६.४० वाजता मान उघडली, तारांचा दोष दूर केला, यंत्रणा चालू अवस्थेत सोपवली, चाचणी बाकी. खाली सही.

ही सही कोणाची, असं डॉक्टरांनी विचारलं. गप्प बसता आलं असतं. पण पंढरीनाथांनी आजवर स्वतःची सही कधी नाकारली नव्हती. त्यांनी उजवा हात वर केला.

"यह हाथ किसने उठाया?" डॉक्टरांनी गौतमीला विचारलं.

"बाएँ दिमाग ने, मैडम," गौतमी म्हणाली. "गलती भी उसी ने की."

डॉक्टर हसल्या की नाही हे कागदाआड दिसलं नाही. त्यांनी गुणपत्रिकेवर काहीतरी बरंच लांब लिहिलं, चिठ्ठी त्याच कागदाला टाचली आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

गौतमीने तारा पुन्हा तिरप्या केल्या, मेंदू फिरवून जागेवर बसवला. चार वाजता परीक्षण संपल्यावर तिने वहीचं पान फाडून त्यावर एक ओळ लिहिली आणि पान बाबांपुढे धरलं: परवानगीशिवाय कोणाचीही मान उघडणार नाही.

पंढरीनाथांनी ओळ नीट वाचली, घड्याळ पाहिलं, सही केली आणि खाली वेळ टाकली. १६.०५.

परीक्षकांच्या खोलीचं दार तेव्हा बंद होतं. पहिली चिठ्ठी गुणपत्रिकेसोबत आतच होती.