पुस्तकात असं नाई

गजभिये सरांकडे सिनेमा बघायला जायचं तर पोटभर जेवून जावं लागतं. दोन तासांचा सिनेमा त्यांच्याकडे दुपारी सुरू होतो आणि दिवेलागणीपर्यंत नायक-नायिकेची धड ओळखही झालेली नसते. कारण रिमोट सरांच्या हातात असतो. जुन्या इंग्रजी कादंबरीवरचा सिनेमा असला की ते घडोघडी चित्र थांबवतात आणि म्हणतात, "पुस्तकात असं नाई."

सर सिंदीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. मी तेव्हा त्यांचा विद्यार्थी, आता शेजारी, म्हणजे सुटका नाही. निवृत्तीनंतर मुलानं मोठा टीव्ही घेऊन दिला आणि विलायतेतल्या दिग्दर्शकांना साडेसाती लागली. नायिका पावसात धावली, पुस्तकात पाऊस नाई. नायकाला दाढी, पुस्तकात दाढी नाई. "कापूस फेकला अन् सरकी ठेवली यायनं," हा सरांचा ठरलेला निकाल. जाम गावच्या एका लग्नात वरात उशिरा आली, तर सरांनी खिशातून लग्नपत्रिका काढून वरबापाला दाखवली, "पत्रिकेत असं नाई." तो गृहस्थ अजून त्यांच्याशी बोलत नाही.

सरांच्या शेजारी काकू बसतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण सरांनी लग्नापासून एकेक कादंबरी त्यांना वऱ्हाडीत सांगितली आहे. त्यामुळे काकूंच्या लेखी इंग्लंड हिंगणघाटच्या जरासं पलीकडे आहे आणि तिथल्या जमीनदाराला मालगुजार म्हणतात.

"हा मालगुजाराचा पोरगा मुका हाये का? काऊन बोलून नाई राह्यला?"

"अर्धं पुस्तक होईस्तोवर नाई बोलत तो," सर अभिमानानं सांगतात.

परवा सरांच्या सगळ्यात लाडक्या कादंबरीवरचा सिनेमा आला. पाद्र्याची मुलगी आणि मालगुजाराचा मुलगा. आम्हाला हीच अभ्यासाला होती. शेवटी मुलगी तापानं जाते आणि तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. आश्चर्य म्हणजे सिनेमा पुस्तकाबरहुकूम होता. सर एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, अखेर एक दिग्दर्शक पास झाला.

पडद्यावर मुलीनं अंथरूण धरलं आणि सरांनी टीव्ही बंद केला. "नेट गेलं."

माझ्या मोबाइलवर त्यांचंच नेट मजेत चाललं होतं.

"मंग पुढं?" काकूंनी विचारलं.

"पुढं काय. पोरगा डाक्टर घेऊन येते, पोरगी बरी होते, लगन होते."

मी तोंड उघडलं. बारावीला याच मरणावर मी दोन पानं लिहिली होती आणि मार्क सरांनीच दिले होते. पण सरांनी असे डोळे वटारले की उघडलेलं तोंड मी जांभईच्या कामी लावलं. मग ते दूध आणायला बाहेर पडले.

"पोरगी मरते, मले माहीत हाये," काकू शांतपणे म्हणाल्या.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"आमची पयली पोरगी तापातच गेली. मी कोनासंगं बोलत नव्हती, जेवत नव्हती. तवा त्यायनं मले हे गोष्ट सांगाले घेतली. शेवटाले आले अन् थांबले. मंग तिले वाचवलं. पुढं पोराच्या गाईडात वाचलं मी, मराठीत होतं."

"मग सरांना सांगितलं का नाही?"

"काऊन सांगू? आपली नाई वाचवता आली त्यायले. हे तरी वाचवू दे."

आयुष्यभर पुस्तकातलं अक्षर इकडचं तिकडे होऊ न देणाऱ्या माणसानं एवढी एकच लबाडी केली होती, आणि ती मनापासून जपली होती.

सर दुधाची पिशवी घेऊन दारात उभे होते. त्यांनी आधी बंद टीव्हीकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"नेट आलं का?"

"नाई आलं," काकू म्हणाल्या.

मी मोबाइल खिशात घातला.