जनू भावजी आणि मासतोंड्या

लोक पुस्तक आणतात ते वाचायला द्यायला, नाहीतर परत करायला. आमचे जनू भावजी पुस्तक आणायचे, उघडून माझ्या मांडीवर ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "वयनी, यात हसायचं कुठं?"

मी तांदूळ निवडत असले तरी तेच, नातवाला न्हाऊ घालत असले तरी तेच. पान दरवेळी वेगळं, प्रश्न एकच. मी म्हणायचे, "भावजी, हसू आलं तर हसायचं, नाहीतर पान उलटायचं." त्यावर ते मान हलवायचे. "तसं न्हाय चालत. अर्थ लागला पायजे."

अर्थ लागला पाहिजे, हे त्यांचं पालुपद. भावजी माझ्या मालकांचे चुलतभाऊ. मालक गेले, भावजी राहिले, भिंतीला भिंत लावून. उरणकडे एका कंपनीत जन्म काढला, आता घरी असतात. गावात श्रावणातली पोथी तेच वाचतात. आवाज खणखणीत आहे, पण नुसती ओवी वाचून पुढे जाणार नाहीत. प्रत्येक ओवीचा अर्थ सांगणार, आणि बायकांनी माना डोलावल्या नाहीत तर परत सांगणार. रेवसच्या लाँचवर 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती. भावजींनी तांडेलाला विचारलं, "येथे म्हंजे कुठपासून कुठवर?" पंगतीत कोणी विनोद सांगितला तर सगळे हसून गप्प झाले की हे विचारणार, "मंग त्या मानसाचं फुडं काय झालं?" पुन्हा कोणी दुसरा विनोद सांगत नसे.

त्यांचा मुलगा मंगेश म्हणायचा, "काकी, बाबांना विनोद सांगायचा तर आधी अर्ज करावा लागतो."

मंगेश एकुलता एक. मुंबईला कॉम्प्युटरवर काम करायचा. शनिवारी लाँचने रेवसला उतरायचा आणि रविवारभर खोलीत फोन घेऊन लोळायचा. लोळता लोळता एकटाच हसायचा. भिंत एकच असल्याने मलाही ऐकू यायचं. एकदा मी घावणं द्यायला गेले तेव्हा भावजी त्याच्या डोक्याशी उभे होते.

"एकटाच हसतो तो येडा. काय चाललंय?"

"चित्रकथा आहे बाबा. दर आठवड्याला फोनवर येते. मोठ्यांसाठी आहे, पण घाबरू नका, तुमचं वय बसतं त्यात."

भावजींनी फोन लांब धरून पाहिला. मीही वाकून पाहिला. माशाच्या तोंडाचा एक माणूस हपिसात बसून रडत होता. रडून रडून खोली पाण्याने भरली होती, आणि बाकीचे लोक पाय खुर्चीवर घेऊन काम करत होते.

"यात हसायचं कुठं?" भावजी म्हणाले.

मंगेश गादीवरून खाली पडायचा राहिला. हसू आवरल्यावर म्हणाला, "याचं आता पुस्तक निघतंय. मी नाव नोंदवलंय. आलं की बसून सावकाश सांगतो."

"फोनमदी फुकट दिसतंय ते इकत कशाला?"

"फोनमधलं वर सरकत जातं बाबा. मागचं सापडत नाही. पुस्तक हातात राहतं."

वैशाखात अलिबागच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल डंपरखाली गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. पुस्तक आषाढात आलं, मंगेशच्या नावाने. पार्सलवाल्याने सही मागितली. भावजी पेन हातात घेऊन उभे. "कोनाची करू?" म्हणाले.

तेव्हापासून त्यांना दुसरं काम उरलं नाही. पोराने सांगतो म्हटलं होतं आणि सांगायचं राहिलं होतं. आता दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं. आपलं पोर कशाला हसत होतं एवढंच त्यांना कळायला हवं होतं, आणि तेच कळत नव्हतं.

पुस्तक मी पूर्ण पाहिलं आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पण त्यात वाचायला फार नाहीच. आडवं, जाडजूड, कागद गुळगुळीत. मागे लहान मुलांना देऊ नये असं छापलंय ते बरोबर आहे. त्यात एक नागडी बाई आहे. तिच्या अंगाला दारं आहेत आणि प्रत्येक दाराआड कोणीतरी जेवत बसलंय. ती बिचारी दारं लावत फिरते. आमची सुलभा, म्हणजे भावजींची बायको, ते पान पाहून म्हणाली, "असलं घाण माझ्या पोराच्या नावावर आलं." तिने पुन्हा पुस्तकाला हात लावला नाही. मला काही घाण वाटलं नाही. चार पोरं जेवू घातलेल्या कुठल्याही बाईला ते दारांचं चित्र समजेल.

खरं सांगायचं तर मला ते पुस्तक आवडलं. पोथीत प्रत्येक दुःखाला मागच्या जन्मीचं कारण असतं. कोणाचं मूल गेलं तर आधी कोणीतरी कोणाला शाप दिलेला असतो. या पुस्तकात माणसाचं तोंड माशाचं आहे आणि ते का, हे कोणी सांगत नाही. तो तसाच उठतो, डबा भरून घेतो आणि कामाला जातो. मंगेश गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण सुलभाला कारण सांगून जात होता. पुस्तक सांगत नव्हतं. मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

भावजींना मात्र कारण हवं होतं. ते सलूनवाल्याकडे गेले. त्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी होता, तरी पुस्तक समोर धरलं. तो म्हणाला, "काका, पयला याला घरी जाऊ द्या." शाळेच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, "यात आजच्या माणसाचं एकटेपण दाखवलंय." भावजी म्हणाले, "ते दिसलं. आता हसायचं कुठं ते सांगा." सरांनी चहा मागवला.

मासळीवाली पारू पाटी उतरवते न उतरवते तोच तिच्यापुढे पान उघडलं. तिने त्या मासतोंड्याला नीट निरखलं. हे नाव तिनेच दिलं.

"जनूशेट, यो मासतोंड्या ताजा न्हाय. डोले बघा त्याचे. कवाचा मेलाय."

"मंग हसायचं कुठं?"

"मेलेल्या मासल्याला कपडं घालून कामाला धाडलाय, आनि काय पायजे तुमाला?" पारू कंबरेवर हात ठेवून हसली. भावजींनी तिच्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि घरी निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं सुलभा म्हणाली.

श्रावण लागला. घरात त्याच वर्षी मरण झालेलं असलं तरी पोथी सोडायची नाही, असं भावजींचं मत. दुपारी माझ्या पडवीत वाचन. बायका वाती वळत बसतात. भावजी पोथी डोक्यावर घेऊन येतात, चौरंगावर ठेवतात, मी वरच्या तांबड्या फडक्यावर हळदकुंकू आणि फूल वाहते, मग ते फडकं सोडतात.

त्या दिवशी फडकं सोडलं आणि आत मासतोंड्या.

घोळ असा झाला होता. आळीतली पोरं घरात येतात म्हणून आणि सुलभाच्या नजरेला पडू नये म्हणून भावजींनी त्या पुस्तकालाही तांबडं फडकं गुंडाळलं होतं. पुस्तक म्हणजे सरस्वती, ते जमिनीवर कसं ठेवायचं, म्हणून पोथीच्या शेजारी फळीवर ठेवलं होतं. दोन्ही आडवी, दोन्ही जाड. उचलताना चष्मा कपाळावर.

भावजी चौरंगापुढे मांडी घालून बसलेले. बायकांच्या वाती हातात थांबल्या. सुलभा भिंतीला टेकून बसली होती, तिने तोंड फिरवलं. पुढे बसलेली यमुना म्हणाली, "अगो बाय, ह्यो कुठला अवतार?"

"परत जाऊन पोथी आनतो," भावजी पुटपुटले.

"हळदकुंकू वाहिलंय," मी म्हटलं. "उघडलंय ते वाचा आता. आमच्यात कोण लहान आहे?"

त्यांनी घसा खाकरला. वाचायला अक्षरं नव्हती, म्हणून त्यांनी चित्रंच वाचायला घेतली, आणि त्यांना पोथीचा सोडून दुसरा आवाज येतच नाही.

"आता मत्स्यमुखी पुरुष कार्यालयी प्रवेश करता झाला. हाती डबा. नाकी चष्मा. तो साहेबासी पुसता झाला. काय पुसता झाला, ते दिलेलं न्हाय. नुसतं प्रश्नचिन्ह हाय. साहेबे उत्तर न दिधले. मग तो शिपायासी पुसता झाला. तिथंबी प्रश्नचिन्ह."

यमुनेने पदर तोंडात कोंबला. मागून कोणीतरी फिस्स केलं. भावजी पुढे गेले. मत्स्यमुखी पुरुष बाजारात गेला, तिथे त्याने कोलंबीला विचारलं. दवाखान्यात गेला, डॉक्टरला विचारलं. त्या दारांच्या बाईकडे गेला, तिच्या एकेका दारावर टकटक करून विचारलं. प्रत्येक चित्राला भावजी थांबत होते आणि गंभीरपणे सांगत होते, "अर्थ असा की, त्याला उत्तर मिळालं न्हाय." पडवी हसून हसून आडवी झाली. माझ्या मांडीवरच्या वाती खाली सांडल्या.

भावजी थांबले. "कशाला हसलात? कंच्या चित्राला?"

सगळ्या एकमेकींकडे बघून पुन्हा हसल्या.

"यमुने, तू सांग. तू पयली हसलीस."

"मला काय म्हाईत भावजी, आलं हसू."

"असं कसं? अर्थ..." त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी बायकांकडे वळवलं. "अगो, कोनीतरी सांगा गो."

हसणं एकदम बंद झालं. आणि भिंतीकडून सुलभा बोलली.

"त्यात त्याला तुमी दिसायचात."

भावजी वळले.

"मला फोनवर दाखवायचा," सुलभा खाली बघून म्हणाली. "आई, बघ, बाबा हपिसात चालले. आई, बघ, बाबा डाक्टरला इचारतायत. मंग हसायचा. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाय."

मला वाटलं, आता हा माणूस पुस्तक अंगणात फेकणार. बापाला मासा करून पोर हसत होतं, आणि ते गावातल्या बायकांसमोर कळलं. भावजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला हसायचा?"

"व्हय."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

ते बराच वेळ पानावरच्या चष्म्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तिकडं मुंबईत असला, तरी आठवड्याला एकदा मी दिसायचो त्याला."

अध्याय अर्धा सोडत नाहीत, म्हणून राहिलेली चित्रं त्यांनी वाचली. आवाज बारीक झाला होता. कोणी हसलं नाही. संपल्यावर बायका सवयीने उठल्या आणि एकेक करून पुस्तकाला नमस्कार करून गेल्या. यमुनेने अक्षताही टाकल्या. सुलभाने डोकं टेकलं नाही. दोन बोटं लावली आणि ती पदराला पुसली.

पडवीत आम्ही तिघं उरलो. मी वाती गोळा करत होते.

"आनकी काय म्हनायचा?" भावजींनी तिला विचारलं.

"आठवाया लागंल."

"आठव."

त्यांनी पुस्तक मिटलं. जन्मभर दुसऱ्यांना वाचून दाखवणारा माणूस, ऐकायची त्याला सवय नाही. मला वाटलं आता मध्येच काहीतरी विचारतील. विचारलं नाही. सुलभा समोर बघत आठवत होती. ते तिच्याकडे मान थोडी पुढे करून तसेच ऐकत बसले.